डिस्कोला मोसम नसतो

मला धक्का फार लवकर बसतो. ताटात केस निघाला तरी मी उठून उभा राहतो. "आरोग्य खात्यात अख्खी नोकरी काढलीत, साप चावलेली माणसं बघितलीत, आणि झुरळाला कसले घाबरता?" असं बायको म्हणते आणि घरचे सगळे हसतात. हसोत बापडे. पण मला बसलेल्या धक्क्यांमधले निम्म्याहून जास्त धक्के एकट्या भोये सिस्टरांनी दिलेले आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात साखरशेतच्या एका लग्नात त्यांनी आणखी एक दिला. त्यातून मी अजून सावरलेलो नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी नवीन आरोग्य सेवक म्हणून त्यांच्या उपकेंद्रात रुजू व्हायला निघालो तो दिवस. उपकेंद्राचं गाव मुद्दामच सांगत नाही. जव्हारकडच्या वावर-वांगणी या गावांच्या अंगाला आहे एवढं पुरे. एसटी जिथे सोडते तिथून पुढे चालत जायचं. चढ चढून वर येतो तर डिस्कोचं गाणं ऐकू आलं. वाटलं, गावात लग्न असेल. उपकेंद्राच्या अंगणात पोचलो आणि हातातली बॅग खाली पडली.

अंगणाच्या मधोमध एक बादली पालथी घातलेली. तिच्यावर टेपरेकॉर्डर. त्याच्याभोवती चार बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून, फेर धरून चाललेल्या. आणि त्यातल्या एकीचे दिवस भरलेले. नुसते भरलेले नाहीत, तिला कळा येत होत्या. कळ आली की ती थांबायची, दोघी बाजूच्या तिला धरायच्या, ती दात-ओठ खाऊन विव्हळायची आणि कळ सरली की पुन्हा चालू. गाणं धप धप धप धप वाजतंच होतं.

पायरीवर एक ठेंगणी, भरल्या अंगाची, पांढऱ्या साडीतली बाई वाल सोलत बसली होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"अहो," मी ओरडलो, "त्या बाईला कळा येतायत!"

"मग?" वालावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "कळा येतात म्हणूनच चालते ना ती. तुम्ही नवीन भाऊ का? या. आणि त्या बाज्याला पाठ नका करू. बायांना आवडत नाय."

या भोये सिस्टर. गावच्या बाया त्यांना 'शिस्टर बाय' म्हणत.

मी शाळेत प्रार्थना आणि घरी भजन यावर वाढलेला माणूस. डिस्को म्हणजे चकचकीत शर्ट घातलेल्या टवाळ पोरांचा धिंगाणा, एवढंच मला ठाऊक. तो सरकारी उपकेंद्रात, बाळंतिणीच्या कळांना लावलेला पाहून पडलेली बॅग उचलायचंही मला सुचेना. संध्याकाळी त्या बाईला मुलगा झाला. तेव्हा मात्र सिस्टर बघण्यासारख्या होत्या. वेळ आली म्हटल्यावर बाई आत, बाजा बंद, तोंडं बंद. कोपरापर्यंत हात धुतलेले, एकही हालचाल फुकट नाही. सगळं आटोपल्यावर बाहेर येऊन पुन्हा उरलेले वाल घेऊन बसल्या.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनीच मला सांगितलं. टेपरेकॉर्डर त्यांनी स्वतःच्या सोबतीला आणला होता. उपकेंद्रात एकटीच बाई, पावसाळ्यात माणूस दिसायचं नाही. तेव्हा पोटुशा बाया उपकेंद्रात यायलाच तयार नसत. घरी आढ्याला बांधलेला दोर धरून, उकिडवं बसून बाळंत व्हायची सवय. उपकेंद्रातल्या टेबलावर उताणं झोपायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडत. अडलेली बाई झोळीत घालून आणेपर्यंत उशीर झालेला असे. सिस्टरांना रात्रंदिवस एकच घोर, बाया वेळेवर येतील कशा?

एकदा वावरची एक बाई आली. आली ती अंगणातच बसली, आत यायला तयार नाही. सिस्टरांनी वैतागून टेप लावला. तर ती बाई उठली, सासूनं तिच्या कमरेत हात घातला, आणि दोघी टेपभोवती फेर धरून चालायला लागल्या. तारपेवाल्याभोवती, म्हणजे भोपळ्याचा तारपा फुंकणाऱ्याभोवती धरतात तसा. तारप्याला पाठ दाखवायची नसते, म्हणून टेपालाही पाठ न दाखवता.

"मी सांगणार होते, बायांनो, हा तारपा नाय," सिस्टर म्हणाल्या. "तोंड उघडला पण. मग बघितला का तिचं रडणं थांबलंय आणि कळा चांगल्या यायला लागल्यात. मग मी तोंड मिटून घेतला."

मी विचारलं, मग तारप्याचीच कॅसेट का लावत नाही? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अडाणी ठरलो. तारपा नवं भात तयार होतं तेव्हा उतरवायचा, दिवाळी झाली की परत वर टांगायचा. मोसम नसताना तो वाजवलेला चालत नाही. पोरं तर बारा महिने जन्माला येतात.

"डिस्कोला मोसम नाय," सिस्टर म्हणाल्या. "कवा पण लावा. देव रागवत नाय."

मग वाडी-वाडीवर बातमी गेली. तठं टेबल हाय, पण पैला बाजा हाय. बाया चालत यायला लागल्या. नवरे बहुतेक बाहेर, कोणी वीटभट्टीवर, कोणी ठाण्याकडे बांधकामावर. नवऱ्याच्या आठवणीनं कोणी मुसमुसायला लागली की सिस्टर म्हणत, "डिस्कोला जोडीदार लागत नाय, बाय. बाजूला बाया लागतात. त्या हायेत. चाल."

'चाल, बाय, चाल. घाय नाय.' हे त्यांचं पालुपद. मागून येऊन तळहात कमरेवर ठेवायच्या, जरा दाबायच्या, आणि हे म्हणायच्या. त्या स्वतः मात्र फेरात कधीच शिरल्या नाहीत. बाया हात ओढायच्या. त्या पायरी धरून बसायच्या. "माझा पाय पडला तं ताल चुकंल," म्हणायच्या. मला तो विनय वाटायचा.

अंबाड्यातली पेन्सिल कॅसेट गुंडाळायला. कॅसेटची फीत बाहेर आली की हातातलं सगळं टाकून तिच्याशी बोलत बोलत आत घ्यायच्या, आणि ते बोलणं तान्ह्या मुलाशी बोलतात तसलं. सेल उतरले की चुलीच्या कडेला शेकत ठेवायच्या. एकदा मी ते निखारे समजून चिमट्यानं सारखे करायला गेलो. जी काय बोलणी खाल्ली! रागावल्या की मलाही 'बाय' म्हणायच्या. "अक्कल कठं ठेवली, बाय?" मिशा असलेल्या माणसाला असं कोणी म्हणतं का?

आता डिस्कोची हकीकत. एका दुपारी हत्यारं उकळत ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, डिस्को कोणी काढला, माहीत हाय?"

"सिनेमावाल्यांनी," मी म्हटलं. मी तेव्हा माठातलं पाणी पीत होतो.

"नाय. अमेरिकेत, न्यूयॉर्कला. चांगल्या हॉटेलात ज्यांना कोणी नाचाय घेत नव्हता, त्यांनी. काळी माणसं, पोट भरायला बाहेरून आलेली माणसं. आणि ज्या पुरुषांचा पुरुषांवर जीव बसतो ती."

पाणी माझ्या नाकात गेलं. सरकारी सिस्टर, पांढरी साडी, समोर उकळणारी हत्यारं, आणि हे असं बोलणं!

"खोकून घ्या, मग पुढचा सांगते," त्या म्हणाल्या.

हे ज्ञान त्यांच्या थोरल्या भावाचं. तो मुंबईत एका मोठ्या हॉटेलात, तळघरातल्या डिस्कोची फरशी पुसायला होता. गाणी लावणाऱ्या माणसाशी त्याची दोस्ती झाली. त्यानं कॅसेटी भरून दिल्या आणि कथाही भरून दिली. पोचत पोचत ती बहिणीपर्यंत आली. त्या लोकांना बँडवाले कुठले परवडायला? मग गोदामात, कोणाच्या राहत्या जागेत जमायचं. एक माणूस दोन रेकॉर्डी लावायच्या यंत्रांपाशी उभा. एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडाला असं जोडायचा की नाच तुटायचा नाही. आणि त्याची नजर सगळा वेळ नाचणाऱ्यांच्या पायांवर. पाय थकले की गाणं बदल, पाय पेटले की तेच वाढव.

"आपला तारपेवाला दुसरा काय करतो?" सिस्टर म्हणाल्या. "आणि ढोल ऐका त्यातला. सगळे ठोके सारखे. एक मोठा, एक लहान, असा नाय. चालणारीला कसा बरा पडतो ते."

"मग पुढे?"

"पुढं काय. तिकडंच काही लोकांना राग आला. मैदानात रेकॉर्डींचा ढीग केला आणि उडवून दिला. डिस्को मेला म्हणाले."

"आणि?"

"आणि काय. माझ्याकडं आला."

असं म्हणून त्यांनी चिमट्यानं कात्री बाहेर काढली. त्या दिवसापासून माझे कान बिघडले. गरब्यात, गणपतीच्या मिरवणुकीत, भाच्याच्या मोबाईलमध्ये, जव्हारच्या स्टँडवर रसवंतीवाल्यानं लावलेल्या गाण्यात, सगळीकडे मला तोच सारखा ठोका ऐकू येतो. त्याला आता कोणी डिस्को म्हणत नाही, एवढंच.

एका पावसाळ्यात वरून एक साहेब तपासणीला आले. नाव सांगत नाही, आता ते कुठे असतात तेही ठाऊक नाही. त्यांची जीप अंगणाशी थांबली तेव्हा पाऊस उघडलेला होता आणि फेर रंगात आला होता. साहेब उतरले. त्यांचं तोंड उघडं पडलेलं पाहून मला माझाच पहिला दिवस आठवला. माणूस वाईट नव्हता हो. माझ्यासारखाच धक्का बसणारा होता. फक्त माझ्याकडे बॅग होती, त्यांच्याकडे अधिकार होता.

"हे उपकेंद्र आहे की नाचघर?" ते म्हणाले.

सिस्टर उभ्या राहिल्या. "साहेब, या बाया यासाठी येतात."

"बाया उपचारासाठी येतील. तमाशासाठी नाही."

ड्रायव्हरनं टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी जीपमध्ये ठेवल्या. पालथी बादली तशीच अंगणात राहिली. सिस्टरांनी तीही आत घेतली नाही.

पुढच्याच आठवड्यात वांगणीहून सोमी आली. पहिलटकरीण, अंगानं काडी, सोबत तिची आई चांगुणा. कळा सुरू झाल्याबरोबर दोघी ओढा ओलांडून चालत आल्या होत्या. अगदी सिस्टरांना हवं तसं, वेळेवर. मी ओट्यावर गोळ्या मोजत होतो. सोमीनं अंगणात पाहिलं.

"बाजा कठं हाय?"

"सायबानं नेला, बाय," सिस्टर म्हणाल्या. "ये आत. मी हाय ना."

सोमीनं दारातून आतलं टेबल पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि ओट्यावरच बसली. सिस्टरांनी तिला चहा दिला, तपासलं, अजून अवकाश आहे म्हणाल्या. तेवढ्यात तापानं फणफणलेलं एक मूल आलं. सिस्टर आणि मी दोघंही त्याच्यामागे लागलो. त्याला शांत करून बाहेर आलो, तर ओट्यावर रिकामा कप.

सिस्टर चपलाही न घालता पळाल्या. मी पिशवी घेऊन मागोमाग. ओढ्याला पाणी चढलं होतं, हात धरून धरून पार झालो. वांगणीच्या अलीकडच्या माळावर एका शेतातल्या खोपटात मायलेकी सापडल्या. मूल झालेलं होतं, मुलगी. चांगुणेच्या लुगड्यात गुंडाळलेली, रडत होती. वार पडली नव्हती. सिस्टरांनी जे जे करायचं ते सगळं केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण रक्त थांबलं नाही. सोमी आमच्यासमोर गेली.

'हादरलो' हा शब्द इथे अपुरा आहे. चांगुणा रडली नाही. ती सिस्टरांकडे बघून एकच म्हणाली, "बाजा असता तं ही थांबली असती."

सिस्टरांनी 'होय' अशी मान हलवली. मुलीची नाळ पुसली, तिला नीट बांधलं आणि चांगुणेच्या मांडीवर दिली.

नंतर जव्हारला मासिक बैठक होती. साहेबांनी अडचणी विचारल्या. रस्ता, औषधं, गाडी, जो तो बोलला. सिस्टरांची पाळी आली. त्या उठल्या आणि उजव्या हाताचा तळवा समोरच्या टेबलावर आपटायला लागल्या. धप, धप, धप, धप. सगळे ठोके सारखे. आधी कोणी हसलं. साहेब "सिस्टर, बसा" म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. वाटलं, ही बाई वेडी झाली, नोकरी गेली हिची. तळवा लालबुंद झाला तेव्हा त्या थांबल्या.

"हा माझा बाजा," त्या म्हणाल्या. "हा जीपमधी घालून नेता येत नाय. वांगणीची सोमी गेली, साहेब. ती चालत आली होती."

एवढं बोलून खाली बसल्या. दोन दिवसांनी ड्रायव्हर गोणपाटात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर घेऊन आला, कॅसेटींसकट. कागद नाही, निरोप नाही. सिस्टरांनी तो पुसला, बादलीवर ठेवला, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिथून हलवला नाही. पाऊस आला की वर प्लास्टिक.

चांगुणा मात्र पुन्हा कधी उपकेंद्राची पायरी चढली नाही. नातीला लसी टोचायला शेजारणीबरोबर पाठवायची. त्या पोरीला मी टोचत असताना सिस्टर नेहमी तोंड फिरवून उभ्या असत. बाकी कोणाला टोचताना नाही.

आता यंदाचं लग्न. नवरामुलगा साखरशेतचा, त्याचे वडील माझ्या ओळखीचे. पत्रिकेत नवरीचं गाव वांगणी पाहिलं तरी माझ्या लक्षात आलं नाही. मांडवात पोचलो तेव्हा धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, आपली गाणी संपवून पान लावत बसली होती. नवरी हळदीनं माखलेली. तिच्याशेजारची वाकलेली म्हातारी मी ओळखली. चांगुणा. म्हणजे ही ती लुगड्यातली मुलगी.

मांडवाच्या एका टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत सिस्टर. कोणी बोलावलं त्यांना? चांगुणेनं स्वतः माणूस पाठवला होता म्हणे. सिस्टर वाळून गेल्या होत्या. हातात काठी. अंबाडा राहिला नव्हता, पण विरळ केसांत पेन्सिल होती. मी पाया पडलो. "जाड झालात, बाय," एवढंच म्हणाल्या. चांगुणा आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी मांडवाच्या दोन टोकांना.

जेवणं झाली. टेम्पोवर डीजेच्या पेट्या चढवलेल्या. पोरापोरींनी नाच सुरू केला. मग डीजेवाल्यानं एक जुनं डिस्कोचं गाणं लावलं, खाली नवा ठोका घालून. सिस्टरांच्या कॅसेटीतलं.

भांडी घासणाऱ्या, पोरांना दूध पाजणाऱ्या, पान खाणाऱ्या, अशा सगळ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बाया एकदम थांबल्या. एकीचा हात कमरेवर गेला. मग दुसरीचा. वावरची एक बाई हात पुसत उठली. तिच्या कमरेत दुसरीनं हात घातला. बघता बघता फेर धरला गेला, टेम्पोभोवती, टेम्पोला पाठ न दाखवता. त्या नाचत नव्हत्या. चालत होत्या. एक डोळे मिटून, एक हसत, एक पदरात तोंड घालून. नाचणारी पोरं बाजूला झाली. त्यातली कितीतरी सिस्टरांच्याच हातावर जन्मलेली, त्यांना काय कळणार? डीजेवाला घाबरून आवाज कमी करायला गेला, तर बायाच ओरडल्या, "नको, राहू दे!"

मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

चांगुणाही फेरात होती. तिचा उजवा हात शेजारणीच्या कमरेत. डावा हात मात्र मोकळा, पण खाली सोडलेला नव्हता. कोणाच्या तरी कमरेत असावा तसा हवेत धरलेला. मागची बाई फेर जुळवायला पुढे सरकली, तर चांगुणेनं मान हलवून तिला मागेच ठेवलं. ती जागा तशीच सोडून फेर फिरत होता. ती कोणाची जागा ते मला कळलं. सिस्टरांनाही कळलं, कारण त्या उठल्या होत्या.

फेर फिरत फिरत त्यांच्यासमोर आला. चांगुणा थांबली. मागच्या-पुढच्या सगळ्या थांबल्या.

"शिस्टर बाय," चांगुणा म्हणाली, "सोमीची जागा हाय. ये."

सिस्टरांनी पायरी शोधावी तसं मागं पाहिलं. पायरी नव्हती, खुर्ची होती. मग त्यांनी काठी खुर्चीला लावून ठेवली आणि त्या हाताखाली जाऊन उभ्या राहिल्या. चांगुणेनं त्यांची कमर धरली. फेर सुरू झाला. वर हळदीच्या पाटावर नवरी उभी राहून बघत होती.

आणि तेव्हा मला तो धक्का बसला. सिस्टरांचा पाय तालात पडत नव्हता. एकदाही नाही. ठोका इकडे, पाऊल तिकडे. जन्मभर दुसऱ्यांना ज्या ठोक्यावर चालवलं तो त्यांच्या पायांना येतच नव्हता. तो विनय नव्हता, खरंच सांगत होत्या त्या. पुढची-मागची बाई अडखळत होती. सिस्टर खाली पायांकडे बघत होत्या, गाल ओले झालेले, आणि त्या थांबायला लागल्या.

चांगुणेनं त्यांच्या कमरेवर तळहात ठेवून जरा दाबला.

"चाल, बाय, चाल," ती म्हणाली. "घाय नाय."